गलीज म्हणजे जाड

कुवेत
१२ नोव्हेंबर १९८३

प्रिय सुशीलाताई,
जयभीम.

आज वॉर्डात मला गलीज म्हणाले. इतक्या दूर येऊन, समुद्र ओलांडून, पुन्हा तोच शब्द. लिहितानासुद्धा तोंड कडू होऊन राहिलं.

झालं असं. माझ्याकडे पुरुषांचा ऑपरेशनचा वॉर्ड आहे. कोपऱ्यातल्या खाटेवर अबू सालेम नावाचा म्हातारा आहे. तरुणपणी समुद्रात बुडी मारून मोत्यांचे शिंपले काढायचा. त्याच्या आतड्याचा एक भाग कापून टाकला आणि पोटाला भोक पाडून तिथे पिशवी लावली. त्याचं परसाकडचं सगळं त्या पिशवीत येतं. ती मी बदलते. सकाळी पिशवी सुटली, चादर भरली, माझे हात मनगटापर्यंत भरले. नेमके तेव्हाच इजिप्तचे मोठे डॉक्टर शिकाऊ पोरांना घेऊन आले. माझ्याकडे आणि त्या चादरीकडे बोट करून काहीतरी बोलले. अरबी मला अजून तुटकच समजते. पण एक शब्द स्वच्छ ऐकला. गलीज. पोरांनी माना हलवल्या, एकानं तर लिहून घेतलं.

म्हाताऱ्याला पुसलं, चादर बदलली, पावडर लावली. मग न्हाणीत जाऊन नळ सोडून नुसती उभी राहिले.

नागपूरला नर्सिंग शिकत होते तेव्हा आपल्या लोकांच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी पाटी होती, ‘गलिच्छ वस्ती’. आत बायका रोज अंगण सारवायच्या आणि बाहेर ती पाटी उभी. गावात आजीच्या ओंजळीत वरून पाणी टाकायचे तेव्हाही हाच शब्द. मला वाटलं, इथे माझी जात कोणाला ठाऊक नाही, म्हणजे हा शब्दही नसेल. तो माझ्या आधीच येऊन बसला होता.

माझी उर्मी पाच वर्षांची झाली आणि मी तिच्याजवळ नव्हते. तिच्या बाबांचं पावसाळ्यापासून पत्र नाही. सासूबाईंचं पोट दुखत होतं, त्याचंही काही कळलं नाही. सौंसरहून पांढुर्णा काही लांब नाही. एकदा जाऊन येशील?

तुझी,
कुसुम


सौंसर, जि. छिंदवाडा
७ डिसेंबर १९८३

कुसुम,
जयभीम.

तुझं पत्र मिळालं. काल सहा डिसेंबर, विहारात सगळे मेणबत्त्या घेऊन उभे होते आणि माझ्या डोक्यात तुझा तो डॉक्टर. त्याला विचार, तुझ्या पोटात काय गुलकंद भरला आहे का? ये निघून. मोसंबी-संत्र्याच्या बागांत मजुरी करणाऱ्या आपल्या आईबापानं तुला शिकवलं ते परक्या देशात हे ऐकायला नाही.

मला तर तुझ्या कामाची कल्पनाच करवत नाही. माझ्या वर्गात एखादं पोरगं ओकलं तर मी शेजारच्या बाईंना हाक मारते आणि स्वतः व्हरांड्यात जाऊन उभी राहते. तू मनगटापर्यंत लिहिलंस आणि मला त्या दिवशी वरण खाता आलं नाही.

पांढुर्ण्याला जाऊन आले. उर्मी छान आहे, उंच झाली. तिला थोडे दिवस माझ्याकडे घेऊन आले. तुझ्या सासूबाईंचं, अंबाबाईंचं पोट अजून दुखतं, त्यांना पोरीच्या दंग्याचा त्रास होतो. तुझे गुलाबराव भेटले, घाईत होते. तू पाठवलेला टेपरेकॉर्डर समोरच्या खोलीत ठेवला आहे, वर विणलेलं कापड टाकून. तुझ्या कपड्यांची पेटी मी इकडे आणून ठेवली. तिथे उंदीर फार झाले.

हिरामण आणि मी बरे आहोत. उर्मी त्यांच्या सायकलच्या नळीवर बसून गावभर हिंडते.

तुझी,
ताई


कुवेत
२ जानेवारी १९८४

प्रिय ताई,
जयभीम.

मी मूर्ख आहे. आधी हसून घे, मग पुढे वाच.

तुझ्या पत्रानं धीर आला आणि मी डॉक्टरांना विचारलंच, माझ्या मोडक्या अरबीत, ‘मी गलीज का?’ ते आधी बावचळले, मग खुर्चीत बसले आणि कागदावर आतडं काढून दाखवलं. ‘मुसरान गलीझ’ म्हणजे मोठं आतडं. जाड ते. बारीक आतड्याहून जाड, म्हणून गलीझ. ते पोरांना शिकवत होते की कापलेलं आतडं कुठलं. मी त्या वेळी खाटेजवळ होते, इतकंच. उलट पोरांना म्हणाले होते, ही बाई पिशवी कशी बसवते ते बघा.

माझ्या अंगावर काटा आला, ताई. मला कोणी शिवी दिलीच नव्हती. शिवी मी सोबत घेऊन आले होते.

मग मी ज्याला-त्याला विचारत सुटले. इथे एकच अरबी नाही. लेबनॉनची मुना नावाची नर्स आहे, ती आमच्या मेट्रनची पाठ फिरली की दात खाऊन म्हणते, ‘गलीझ!’ तिच्याकडे त्याचा अर्थ नकोसा माणूस, डोक्यात जाणारा. स्वयंपाकघरात मोरोक्कोची एक बाई आहे, ती आपल्या गुटगुटीत नातवाचा फोटो दाखवून लाडानं म्हणते, ‘ग्लीद’. म्हणजे बाळसेदार. अबू सालेमसारखे इथले लोक ‘गलीध’ म्हणतात, जाड दोराला आणि भरदार आवाजालाही. मुनानं लिहून दाखवलं: तीन अक्षरं, गैन, लाम आणि झा. ह्या तिघांच्या मध्ये स्वर बदलत जायचे आणि शब्द काढत जायचे. गिल्झा म्हणजे बोलण्यातला कठोरपणा. गल्लझ म्हणजे घट्ट केलं, शपथ पक्की केली. तळाशी सगळीकडे जाडपणाच. आपलं गलीज आणि गलिच्छ हे ह्याच घरातलं असावं. जाडीभरडी गोष्ट तिकडे येता येता मळकी झाली आणि मग घाण झाली, कोण जाणे कुठल्या वाटेवर.

अबू सालेमनं सगळ्यात नवलाचं सांगितलं. त्यांच्या धर्मग्रंथात नवराबायकोमधल्या वचनाला ‘मिसाक गलीध’ म्हटलं आहे. जाड वचन. तो म्हणाला, ‘आम्ही बुडी मारायचो तेव्हा कमरेला दोर. वर नावेत एकजण तो धरून बसायचा. तो दोर गलीध पाहिजे. बायको म्हणजे ते.’ त्याची बायको रोज संध्याकाळी येते, त्याच्या पिशवीवर हात ठेवून बसते आणि गप्पा मारते.

आता तू सांग. ‘थोडे दिवस’ म्हणून आणलेली उर्मी अजून तुझ्याकडे का? आणि टिनाची पेटी उंदीर कुठले खातात?

कुसुम


सौंसर
२४ जानेवारी १९८४

कुसुम,

ठीक आहे. टिनाची पेटी उंदीर खात नाहीत. तू परदेशात एकटी, म्हणून लपवलं. आता सगळं लिहिते आणि लिहिताना मला किळस येऊन राहिली आहे.

त्या दिवशी मी गेले तेव्हा उर्मी न्हाणीच्या दगडाजवळ बसून जेवत होती. घरात नाही, न्हाणीजवळ. स्टीलचं ताट, तुझ्या नावाचं. मागच्या सुट्टीत तू जेवायचीस ते. मी विचारलं, ‘अंबाबाई, हे ताट बाहेर काऊन?’

‘कुसुमचं आहे ते. घरातल्या भांड्याइत नाही मिसळत.’

‘काऊन नाही मिसळत?’

‘तुले माहीत नाही का व? परक्या माणसाइचं गू-मूत काढते ते. गलिच्छ काम आहे, बाई. मांजरही झाकून जाते, अन् हे हातानं काढून राहिली.’

उर्मी माझ्याकडे बघत होती. तिच्या हनुवटीला भात चिकटला होता.

एवढ्यात गुलाबराव ऑफिसातून आले. अत्तराचा रुमाल, केसांना तेल. मला म्हणाले, ‘बाई, तुमी शिकलेल्या आहा. मले सांगा, त्या हातचं मी कसं खाऊ? ते सुट्टीत आली तेव्हा मले जेवण जात नव्हतं. बाजूले झोपली तरी वास येऊन राहिल्यासारखा वाटे.’

‘अन् तिनं पाठवलेल्या टेपवर गाणे कसे आयकता? त्याले वास नाही येत?’

‘तुमी विषय बदलवून राहिल्या.’

विषय हा की मोहगावच्या नलिनी नावाच्या मुलीशी त्यांची बोलणी झाली आहे. ते तुझ्याकडून फारकत मागणार आहेत. पंचांसमोर कारण काय सांगणार, तर तुझं काम. अंबाबाईंना ते आधीपासून ठाऊक होतं.

कुसुम, मला जास्त ओकारी कशाची आली, सांगू? त्या घराच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. अंबाबाईंची सासू गावच्या विहिरीवर पाण्यासाठी तासन् तास उभी राहायची, ते त्याच रडून सांगतात. ज्या शब्दानं आपल्या बापजाद्यांना हाणलं, तो शब्द धुऊन-पुसून ह्यांनी तुझ्यासाठी घरात ठेवला.

मी पोरीला उचललं, पेटी उचलली आणि निघाले. सौंसरच्या बसमध्ये मी खिडकीतून थुंकले. शाळेतल्या पोरांना मी त्याबद्दल छडी मारते.

ताई


कुवेत
१५ फेब्रुवारी १९८४

ताई,

वाचलं. पुन्हा वाचलं नाही.

घाण मला माहीत आहे. तिचा रंग, तिचा वास बघून मी डॉक्टरांना सांगते की रोगी सुधारतो आहे की नाही. ती धुतली की जाते. माझ्या लेकरानं न्हाणीजवळ बसून गिळलेला घास मी कशानं धुऊ?

मुनाला थोडंसं सांगितलं. तिनं त्या तीन अक्षरांतला आणखी एक अर्थ सांगितला, ‘गलीझ कल्ब’. जाड काळजाचा. ज्याच्यापर्यंत काही पोचत नाही असा. मी म्हटलं, आमच्याकडे अशा माणसाला कोणी गलिच्छ म्हणत नाही, तिथेच आमचं चुकलं.

मी उर्मीच्या बाबांना लिहून टाकलं आहे. फारकत खुशाल घ्या, उर्मी मिळणार नाही. उत्तर आलं तर तुला कळवीन.

अबू सालेम बरा होऊन घरी गेला. जाताना बायकोनं माझे दोन्ही हात धरून आपल्या डोळ्यांना लावले. मला रडू आलं आणि रागही आला. त्या हातांना आपल्या घरी काय म्हणतात, ते तिला काय सांगू?

उर्मीला जवळ घेऊन झोप.

कुसुम


सौंसर
२० मार्च १९८४

कुसुम,

हे पत्र लिहू की नको, असं चाललं होतं. हिरामण म्हणाले, लिही, तिचं तिला ठरवू दे.

अंबाबाईंचं पोट अचानक फुगलं. नागपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. मोठ्या आतड्यात गाठ निघाली. आतडं कापलं, आणि कुसुम, पोटाला भोक पाडून तिथे पिशवी बांधली आहे. तुझ्या त्या म्हाताऱ्यासारखी. मी वाचलेलंच डोळ्यांनी बघून आले.

मागच्या रविवारी गेले होते, उर्मीचे बालवाडीचे कागद आणायला. ओसरीपासूनच वास. अंबाबाईंची खाट मागच्या गोठ्याच्या पडवीत. पिशवी म्हणजे साधी प्लास्टिकची पन्नी, दोरीनं बांधलेली, गळून राहिलेली. कातडी सोलून लाल झाली आहे. शेजारची एक बाई दिवसातून एकदा येऊन बदलते, तोंडाला पदर बांधून. जेवण गुलाबराव उंबऱ्यावर ठेवतात आणि आतून मोठ्यानं आईला सांगतात, ‘बाई, ठेवलं व.’ मोहगावचे लोक तारीख काढायला आले होते, ओसरीवरूनच चहा न घेता परत गेले.

मी पडवीत गेले आणि दोन मिनिटांत बाहेर आले. नळाखाली तोंड धरून ओकले. खोटं कशाला लिहू?

गुलाबराव मागोमाग आले. डोळे खाली. ‘बाई, कुसुमले लिहा ना. तिले ह्या कामाची माहिती आहे.’

मी म्हटलं, ‘तुमच्या आईचे मुलगे किती?’

‘मी एकटाच.’

‘मग तुमीच शिका.’

‘मले होत नाही हो. मले वासच सहन नाही होत.’

त्या माणसाच्या तोंडाकडे बघवेना. तू येऊ नको. त्यांनी उंबऱ्यावर ठेवलं आहे ना, त्यांना त्यांच्याच उंबऱ्यावर राहू दे. हे मी मनापासून लिहिते आहे.

ताई


पांढुर्णा
१८ एप्रिल १९८४

ताई,

आले. तू रागावशील म्हणून आधी सौंसरला न उतरता नागपूरहून थेट इथे आले. उर्मीलाही कळू दिलं नाही. आधी हे आटपायचं, मग स्वच्छ होऊन तिच्याजवळ यायचं, असं ठरवलं होतं. ह्यात सासूसाठी म्हणून काही नव्हतं. सोललेल्या कातडीचं वाचलं आणि मला तिकडे झोप लागेना. जखम कोणाची, हे मी आजवर विचारलं नाही, आताच कशी विचारू?

येताना वॉर्डातून मागून पिशव्या आणल्या, मलम आणलं. पडवी धुतली, खाट उन्हात टाकली. पहिल्या दिवशी अंबाबाईंनी भिंतीकडे तोंड केलं ते वळवलंच नाही. आता कातडी सुकली आहे. काल त्या आपणहून बोलल्या.

‘तुले घाण नाही येत का व?’

‘येते. काम सुरू केलं की विसरते.’

‘मले माझीच येते, माय. माणसानं असं जगू नये.’

मी म्हटलं, ‘हे मोठं आतडं आहे. सगळ्याइच्या पोटात आहे. तुमचं थोडं बाहेर दिसते, बस.’ मग अरब लोक त्याला काय म्हणतात ते सांगितलं. ‘म्हणजे गलीज म्हणजे नुसतं जाड?’ ‘हाव.’ ‘अन् आपण कायले घाण म्हणतो मग?’ मी पिशवीची कड दाबून बसवली. माफी त्यांनी मागितली नाही आणि मीही वाट बघितली नाही. न्हाणीच्या दगडाजवळ माझ्या ताटाशेजारी आता त्यांचंही ताट पालथं पडलेलं असतं.

आज सकाळी उर्मीचे बाबा पडवीच्या दारापर्यंत आले. मी पिशवी बदलत होते. रुमाल नाकाशी धरून म्हणाले, ‘कुसुम, मी विचार केला. मोहगावचं मी मोडून टाकतो. तू आता आलीच आहेस तर इथंच राहा. बाईकडे पाहाले कोणीतरी पाहिजे.’

‘अन् माझ्या हातचं जेवाल?’

खरोखर विचार करून म्हणाले, ‘स्वैपाकाले दुसरी बाई लावू.’

ताई, मी एवढी वर्षं लोकांच्या पोटातलं पाहते आहे. मला कधी ओकारी आली नव्हती. आज आली. अबू सालेमचा दोर आठवला. आमचा जाड कधी नव्हताच, सुतळी होती, आणि तिला धरून मी समुद्राच्या तळाशी फिरत होते. दुपारी पंचांना बोलावलं आणि फारकत लिहून दिली. उर्मी माझ्याकडे.

संध्याकाळी सामान बांधत होते तेव्हा अंबाबाई भिंत धरून उभ्या राहिल्या. ‘मी बी येते.’

‘कुठं?’

‘जिथं उर्मी हाय तिथं. इथं मी वासानं नाही, एकटेपणानं मरीन.’

तुला विचारलं नाही आणि हो म्हणून बसले. हे पत्र उद्या सकाळच्या बसच्या कंडक्टरजवळ देते आणि दुपारच्या बसनं आम्ही दोघी येतो. माझी सुट्टी संपायच्या आत तुला पिशवी बदलायला शिकवीन. शिव्या आल्यावर दे.

कुसुम


सौंसर
१५ जुलै १९८४

प्रिय कुसुम,
जयभीम.

तू गेल्यापासूनची सगळी हकीकत लिही म्हणालीस, म्हणून खरी लिहिते. मला अजून किळस येते. तू म्हणाली होतीस की महिनाभरात सवय होईल, नाही झाली. सकाळी पिशवी बदलायची वेळ आली की मी आधी पोटात काही घालत नाही. उर्मी मात्र खाटेवर चढून आजीला पाटीवरची अक्षरं वाचून दाखवते, मध्येच म्हणते, ‘मावशी, आजीची भरली.’ तिला काही वाटत नाही.

आणि मी अंबाबाईंना माफही केलेलं नाही. पोरीला न्हाणीजवळ बसवलेलं मला दिसतं. एकदा त्यांना तसं तोंडावर म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘नको करू माफ. तू फक्त पिशवी बदलत जाय.’

काल शाळा सुटून आले तर गुलाबराव अंगणात खुर्चीवर बसलेले. संत्र्याचा हंगाम नाही, म्हणून केळी घेऊन आले होते. हिरामण समोर उभे. मोहगावचं लग्न जुळत नाही. मुलीकडचे विचारतात, ज्यानं आईला घालवलं तो आमच्या पोरीचं काय करील? तेव्हा आई परत हवी.

आईला म्हणाले, ‘बाई, चाल घरी. लोक नावं ठेवून राहिले मले.’

अंबाबाई खाटेवर उठून बसल्या. आवाज अगदी साधा. ‘येते की. माझा मुलगा न्यायले आला अन् मी नाही म्हणू? पण निघाच्या आधी हे पिशवी बदल. कुसुमनं चांगली शिकवली आहे, सुशीला सांगते तुले.’

मी नवी पिशवी, कोमट पाणी आणि कापूस आणून त्यांच्या पायाशी ठेवलं. खरंच ठेवलं. ते वाकले. अंबाबाईंनी लुगडं बाजूला केलं. त्यांनी हात पुढे केला, बोटं पिशवीपाशी गेली, आणि तिथेच थांबली. मग ते उठून अंगण ओलांडून कुंपणाच्या पलीकडे गेले. ओकल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना आला. हिरामण तांब्यात पाणी घेऊन गेले, तोवर ते बसस्टँडच्या रस्त्याला लागले होते.

अंबाबाई बराच वेळ फाटकाकडे बघत होत्या. रडल्या नाहीत. पाणी गार होऊन राहिलं होतं, म्हणून मीच खाली बसले. नेहमीसारखं तोंड दुसरीकडे वळवून जुनी पिशवी सोडायला लागले.

त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड समोर आणलं. ‘इकडं पाय, सुशीला,’ म्हणाल्या. ‘न पाहता केलं की सांडते.’

तुझी,
ताई